पन्नी, थैला आणि १३१ बाजार

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडचा डोंगर चढताना पायाखाली लहान लहान गोल दगड लागतात. कुणी त्यांना सुपारी म्हणतं, कुणी जायफळ. बाबा शेख फरीद यांच्या दर्ग्याला आलेली माणसं त्यातला एखादा उचलून खिशात टाकतात आणि घरी नेतात. हे दगड इथे आले कसे, याची गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरनेही नोंदवून ठेवली आहे. दोन फिरते व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन या वाटेने चालले होते. त्यांनी बाबा फरीद या फकिराची टिंगल केली. फकिराने त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. व्यापारी गयावया करू लागले, तेव्हा त्याने झाडाखालचा वाळका पाला घेतला आणि त्याचा नवा माल करून दिला. ते दोघे मग कुठे गेलेच नाहीत. डोंगरावरच्या दोन कबरी त्यांच्याच, असं सांगतात.

भूगर्भशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथला लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट जातीची खनिजं साठत गेली आणि वरचा काळा दगड झिजल्यावर हे गोळे सुटे झाले. मला दोन्ही गोष्टी आवडतात. पण हे प्रकरण बाजारातल्या पिशव्यांचं आहे आणि त्याला फकिराची गोष्ट जास्त उपयोगी पडते. माल पाल्याचा की दगडाचा, हाच पिशवीचाही प्रश्न आहे. आज डोंगराच्या पायवाटेवर त्या गोट्यांच्या जोडीला आणखी एक न कुजणारा माल दिसतो. शिरणीच्या, फुलांच्या, चिवड्याच्या रिकाम्या पन्न्या वाऱ्याने उडतात आणि पळसाच्या फांदीला अडकून महिनोन् महिने फडफडत राहतात.

पन्नी हा विदर्भाचा शब्द. पुण्या-मुंबईकडे जिला कॅरीबॅग म्हणतात, ती इकडे पन्नी. मुळात पन्नी म्हणजे चकचकीत कागद, देवाच्या मखराला लावतात तसला. तो झगमगता शब्द या फाटक्या वस्तूला कसा चिकटला कोण जाणे, पण चिकटला तो कायमचा. कापडाची असेल तर ती पिशवी नाही, थैला. बाजारात भाजीवाली आधी वजन करते, मग टोपल्यातून मान वर काढून विचारते, "थैला आणला का भाऊ? नाही त पन्नीत देतो." भाऊने थैला आणलेला नसतो. ती मांडीखालच्या गठ्ठ्यातून एक पन्नी ओढते, अंगठा आणि तर्जनी जिभेला लावते, चिकटलेलं तोंड चोळून उघडते आणि तरीही उघडलं नाही तर आत एक जोरदार फुंकर मारते. मग त्यात सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि टमाटे पडतात. ही फुंकर लक्षात ठेवा. स्वच्छतेचा मुद्दा आला की तिची आठवण काढायची आहे.

आधी या वस्तूच्या जन्माकडे. बनियनसारखी दोन खांदे असलेली एकसंध पिशवी स्वीडनमध्ये जन्मली. सेलोप्लास्ट नावाच्या कंपनीत काम करणाऱ्या स्टेन गुस्ताफ थुलीन या अभियंत्याने तिची रचना केली आणि १९६५ साली कंपनीला तिचं पेटंट मिळालं. त्याच्या मुलाने पुढे सांगितलेली हकिगत मोठी चमत्कारिक आहे. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडली जातात याचं थुलीनला वाईट वाटायचं. टिकाऊ, हलकी पिशवी निघाली तर लोक ती पुन्हा पुन्हा वापरतील, असा त्याचा हिशेब होता. तो स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवत असे. म्हणजे आज जिला एकदाच वापरायची वस्तू म्हणतात, ती शोधणाऱ्याच्या मनात पुन्हा वापरायचीच होती. वस्तू तीच राहिली, वापरणाऱ्याची सवय बदलली. माझ्या मते या विषयातला सगळा घोळ इथे आहे.

महाराष्ट्रात कायदा काही कमी झालेला नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात तुंबलेल्या गटारांनी पिशवीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं आणि राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ ला राज्याने प्लॅस्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्या सरसकट बंद केल्या; तीन महिन्यांची मुदत संपून २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि वर तुरुंगवास. केंद्राने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. जाड पिशवी महाग पडते, मग दुकानदार ती फुकट देणार नाही, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू गिऱ्हाईक फेकणार नाही, असा त्यामागचा विचार. कॅलिफोर्नियात हाच प्रयोग आधी झाला होता. पातळ पिशवी बंद झाली आणि जाड प्लॅस्टिकची "पुन्हा वापरण्याजोगी" पिशवी दुकानात विकायला आली. लोकांनी ती विकत घेतली आणि पातळ पिशवीसारखीच एकदा वापरून फेकली. कचऱ्याचं वजन उलट वाढलं. शेवटी २०२४ मध्ये तिथे दुकानाच्या गल्ल्यावर मिळणाऱ्या सगळ्याच प्लॅस्टिक पिशव्या २०२६ पासून बंद करण्याचा कायदा करावा लागला. आपल्याकडे जाड पिशवीची एवढीही परीक्षा झाली नाही, कारण बाजारातली पातळ पन्नी कधी पूर्ण गेलीच नाही.

आता जरा अडचणीचा हिशेब. कापसाच्या मुलखात तो ऐकवत नाही, पण टाळताही येत नाही.

ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये वेगवेगळ्या पिशव्यांचा जन्मापासून मरणापर्यंतचा जमाखर्च प्रसिद्ध केला. त्यातलं हवामानाचं माप इथे घेऊ: कच्चा माल, वीज, वाहतूक, विल्हेवाट हे सगळं मिळून हवेत किती हरितगृह वायू जातात. उत्तर असं आलं की एकदा वापरून फेकलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीची बरोबरी करायला कागदी पिशवी ३ वेळा वापरावी लागते, नॉन-वोव्हनची ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा. त्याच प्लॅस्टिक पिशव्यांपैकी चाळीसेक टक्के नंतर घरात कचऱ्याच्या डब्याला लावल्या जातात असं धरलं, तर सुती पिशवीचा आकडा १७३ वर जातो. कारण साधं आहे. त्या अभ्यासातली प्लॅस्टिक पिशवी सुमारे ८ ग्रॅमची होती, सुती १८३ ग्रॅमची. बावीस-तेवीसपट माल आणि तोही शेतात पिकवलेला.

तो माल किती, हे आपल्या भाषेत मांडून बघू. आपला साधा थैला १०० ग्रॅमचा धरा. विदर्भातल्या कोरडवाहू शेतीत हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास रुई धरली, तर या एका थैल्याला साधारण सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढा जमिनीचा तुकडा एक पूर्ण हंगाम अडतो. एका माणसाला आडवं होता येईल एवढी जागा. त्या तुकड्यावर खत पडतं, फवारणी होते. फवारणी म्हणजे काय, हे शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याला विचारावं. २०१७ च्या पावसाळ्यात तिथे कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं दगावली. मग ती रुई सरकीपासून सुटी होते, गठाणी बांधल्या जातात, सूत निघतं, कापड विणलं जातं, रंग चढतो. प्रत्येक पायरीला वीज आणि पाणी. हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला "कापूस म्हणजे निसर्गाची वस्तू" हे वाक्य अर्धवट वाटल्याशिवाय राहत नाही.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये याहून मोठा धक्का दिला. त्यांनी नुसती हवेची उष्णता नाही, तर ओझोनचा थर, पाणी अशी कितीतरी मापं लावली. सगळ्या मापांवर प्लॅस्टिकच्या बरोबरीला यायचं असेल तर साधी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरा, आणि सेंद्रिय कापसाची २०,००० वेळा! हा आकडा जगभर फिरला आणि पिशवी घरी विसरणाऱ्यांना फार आवडला. ७,१०० म्हणजे आठवडी बाजाराच्या हिशेबाने १३६ वर्षं; थैला पणतूपर्यंत पुरवावा लागेल.

पण आकड्याच्या पोटात शिरलं की गंमत कळते. ७,१०० हा आकडा एकट्या ओझोनच्या मापाने वर नेला आहे. फक्त हवामानबदलाचं माप घेतलं तर त्याच अहवालात साध्या सुती पिशवीचा आकडा ५२ आहे. म्हणजे वर्षभराचे बाजार. सेंद्रिय पिशवीचं तर असं की तपासलेला नमुना आकाराने लहान निघाला, म्हणून एका प्लॅस्टिक पिशवीपुढे दोन सुती पिशव्या मोजल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पिशवी उडून रानात, नाल्यात, समुद्रात गेली तर काय, हा खर्च त्यांनी धरलाच नाही. डेन्मार्कमध्ये धरायची फारशी गरजही नाही. तिथली पिशवी कचऱ्याच्या डब्यातून भट्टीत जाते आणि तिच्या उष्णतेवर घरं गरम होतात. गिरडच्या पळसावर अडकलेल्या पन्नीला कोणती भट्टी?

इथली पन्नी दोन ठिकाणी जाते. एक म्हणजे चूल किंवा शेकोटी. लाकूड ओलं असलं की पेटवायला पन्नीची बोळी सगळ्यात सोयीची. साध्या पॉलिथिनच्या धुरात मुख्यतः काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यात पीव्हीसीचा तुकडा मिसळला तर डायॉक्सिनसारखी जहरी संयुगंही तयार होतात. चुलीपुढे वाकून फुंकणीने जाळ करणाऱ्या बाईच्या नाकाला हा फरक कळत नाही.

दुसरं ठिकाण गाईचं पोट. वर्धा-नागपूरकडची गौळाऊ ही पांढरी, उंच, कापसाच्या शेतात राबलेली जात. गाय ओठांनी निवडून खात नाही. जीभ फिरवून घास गुंडाळते. भाताची उरलेली शितं, भाजीची देठं पन्नीत गाठ मारून उकिरड्यावर टाकली की ती गाठीसकट आत घेते. पन्नी कोठीपोटात अडकते, कारण तिचे बारीक तुकडे होत नाहीत आणि तुकडा बारीक झाल्याशिवाय पुढच्या कप्प्याचं दार उघडत नाही. एकीला दुसरी गुंडाळत जाते, दोरखंडासारखा गोळा होतो. जनावर पोट भरल्यासारखं दिसतं आणि उपाशी मरतं. देशात ठिकठिकाणी पशुवैद्यांनी कोठीपोट फाडून किलोकिलोंनी प्लॅस्टिक बाहेर काढलं आहे. ब्रिटनच्या १३१ मध्ये ही गाय नाही. तरीही तो आकडा मी बाजूला टाकत नाही, कारण तो आपल्याला एका चुकीपासून वाचवतो. लग्नात, संमेलनात, बँकेच्या शाखेच्या उद्घाटनात नाव छापलेली नवी कोरी सुती पिशवी वाटायची, ती कपाटात सात बहिणींच्या जोडीला पडून राहायची, आणि आपण पर्यावरणासाठी काहीतरी केलं असं समजायचं, ही ती चूक. न वापरलेली सुती पिशवी ही हिशेबात सगळ्यात वाईट पिशवी आहे.

जुना थैला या हिशेबातून निसटतो, कारण तो नव्या कापडाचा नसायचाच. धोतराचा धड पदर, जुन्या पॅन्टचा पाय, लुगड्याचा काठ, साखरेच्या पोत्याचं कापड. ज्या कापडाने आपलं पहिलं आयुष्य पुरं केलं, त्याच्या शेतीचा, सुताचा, रंगाचा खर्च आधीच फिटलेला. थैल्याच्या नावावर फक्त शिलाई आणि दोरा. नॉन-वोव्हनच्या पिशवीचं नेमकं उलटं. दिसायला कापडासारखी, म्हणून बरेच दुकानदार तिला "कपड्याची" म्हणून देतात. तिचा एक धागा काडीने पेटवून बघा. सूत जळून राख होतं, हा वितळून थेंब होतो. ते पॉलिप्रॉपिलीन आहे. उन्हात सहा महिने टांगलं की भुगा होऊन हाताला लागतं.

आता स्वच्छता. पन्नीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा हुकमाचा पत्ता, आणि तो खोटा नाही. अमेरिकेत ॲरिझोना आणि लोमा लिंडा विद्यापीठांच्या संशोधकांनी टूसॉन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को इथे दुकानाच्या दारात गिऱ्हाइकांकडून ८४ वापरत्या पिशव्या घेतल्या. २०११ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून अधिक पिशव्यांत कोलिफॉर्म गटाचे जिवाणू आणि ८ टक्क्यांत ई. कोलाय सापडले. पिशवीत मटणाचं पाणी सांडून ती दोन तास गाडीच्या डिकीत ठेवली तर जिवाणू दसपट झाले. या अभ्यासाला पैसा रासायनिक उद्योगांच्या संघटनेने दिला होता, हे सांगायला हवं. पण त्याच अभ्यासातले दोन आकडे मात्र जाहिरातीत येत नाहीत. एक, पिशवी कधीही धुवत नाही असं सांगणारे ९७ टक्के होते. दोन, धुतल्यावर ९९.९ टक्क्यांहून अधिक जिवाणू गेले. म्हणजे अभ्यास पिशवीचा कमी, न धुण्याचा जास्त.

याहून बोलकी घटना २०१० ची. ओरेगन राज्यातल्या मुलींचा फुटबॉल संघ स्पर्धेला गेला होता. एका मुलीला हॉटेलात उलट्या सुरू झाल्या. त्याच खोलीच्या न्हाणीघरात खाऊची पिशवी ठेवलेली होती. मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी त्यातला बंद पाकिटांतला खाऊ खाल्लेल्यांपैकी अनेक मुली पुढे आजारी पडल्या. नोरोव्हायरस हवेतल्या तुषारांबरोबर पिशवीवर जाऊन बसला होता आणि दोन आठवड्यांनीही तिथे सापडला. इथे पिशवी कापडाची की प्लॅस्टिकची हा प्रश्नच नाही. ती कुठे ठेवली, हा आहे. कोविडच्या पहिल्या लाटेत अमेरिकेतल्या काही राज्यांनी आणि शहरांनी घरून आणलेल्या पिशव्या बंद केल्या, तेव्हा जून २०२० मध्ये शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं की साधी स्वच्छता पाळली तर पुन्हा वापरायच्या वस्तू सुरक्षित आहेत.

आणि नवी पन्नी? आपण तिला निर्जंतुक समजतो, कारण ती कोरी असते. आता ती भाजीवालीची जीभ आणि फुंकर आठवा. काळ्या पन्नीचं तर विचारूच नका. काळा रंग बहुतेक वेळा भंगार प्लॅस्टिक वितळवून केलेल्या मालाचे डाग लपवायला असतो, आणि अशा पुनर्वापरित पिशवीत खाद्यपदार्थ द्यायला १९९९ च्या केंद्राच्या नियमांनी मनाई केली होती. तरी मटण मिळतं ते त्याच काळ्या पन्नीत. कुणाला दिसू नये म्हणून.

मटणाचा मुद्दा गिरडला टाळता येत नाही. नवस फेडायला आलेली कुटुंबं इथे चुली मांडतात, आणि त्याच थैल्यातून कांदे, कोथिंबीर, मटण, नारळ, लेकराचा खाऊ सगळं डोंगरावर चढतं. थैला घातक ठरतो तो या गर्दीने. आमच्या लहानपणी मटणाला पिशवी नसायचीच. झाकणाचा जर्मनचा डबा न्यायचा, घरी आल्यावर तो राखेने घासून पालथा घालायचा. मटणाला डबा आणि भाजीला थैला एवढी वाटणी झाली की ॲरिझोनाच्या अभ्यासातली निम्मी भीती संपते.

उरली धुण्याची. डागावर विश्वास ठेवू नये, हे मला हळदीने शिकवलं. गिरड ज्या समुद्रपूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रंगाला ती इतकी पक्की की कागदी पुड्यातून झिरपून थैल्याला लागली म्हणजे संपलं. साबण लावला की डाग लालभडक होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं. घरचे घाबरतात, थैला टाकून द्यायला निघतात. पण तो डाग निरुपद्रवी आहे. तारेवर दोन दिवस कडक ऊन खाऊ दिलं की कर्क्युमिन उन्हाने मोडतं आणि डाग फिका पडत जातो. उलट मटणाचं पाणी वाळलं की दिसतही नाही. थैला उलटा करायचा, तळाच्या शिवणीतली माती आणि कांद्याची साल नखाने काढायची, गरम पाण्यात साबणाने इतर धुण्याबरोबर धुवायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवायचा. ओला थैला घडी घालून डिकीत टाकणं हे सगळ्यात वाईट. वैदर्भी ऊन फुकट आहे. एप्रिल-मेमध्ये तर थैला तासाभरात पापडासारखा कडक होतो.

ब्रिटनचा आकडा वाचल्यावर मी स्वतःचा थैला मोजायला घेतला. जुन्या खाकी पॅन्टच्या दोन पायांचा, बाजारातल्या शिंप्याकडून शिवून घेतलेला. दर बाजाराला आतल्या बाजूने बॉलपेनने एक रेघ. धुण्यात रेघा पुसट होतात, म्हणून मग दाराच्या मागे खडूने मारू लागलो. मधले चार बाजार थैला घरी विसरलो, ते प्रामाणिकपणे धरले नाहीत. ८७ व्या बाजाराला, दोन किलो वांगी आणि एक कोहळं घेऊन निघालो असताना, एक बंद मुळातून उसवला. कोहळं घरंगळत एका सायकलखाली गेलं. भाजीवालीने सवयीने पन्नी पुढे केली. मी थैला काखेत धरला, तसाच शिंप्याकडे गेलो. त्याने मशीनवरून मान न काढता बंद उलटसुलट करून पाहिला, चौकोनी टाका मारला, मधून फुली मारली आणि म्हणाला, "आता कोहळंच काय, पोतं उचला जी." पैसे विचारले तर हात हलवून नको म्हणाला. परवा ८८ वी रेघ मारली.